अनुदान कोणाचे, गाव कोणाचे?

महाराष्ट्रातील कोणत्याही लहान गावात आज पाऊल टाकले की प्रथम स्वागत कमान लागते. कमानीच्या पुढे पेव्हर ब्लॉक बसविलेला चौक, चौकात उंच खांबावरचा दिवा, देवळासमोर सभामंडप, आणि या प्रत्येक वास्तूवर एक फलक: अमुक निधीतून, अमुक यांच्या प्रयत्नांतून, अमुक यांच्या शुभहस्ते. फलकावर रक्कम असते, नावे असतात, तारीख असते. हे काम व्हावे असे कोणी ठरविले आणि ते मोडले तर कोणी दुरुस्त करावयाचे, एवढ्या दोन गोष्टी तेवढ्या फलकावर नसतात. ग्रामसुधारणेच्या अनुदानांविषयी जे काही बोलावयाचे ते या दोन गोष्टींविषयीच बोलावे लागेल, असे मला वाटते.

या प्रश्नावर आपल्या मंडळींत साधारणतः दोन मते आढळतात. एक मत असे की, सरकारी पैशाने खेडे लाचार होते. श्रमदान आणि लोकवर्गणी हीच खरी ग्रामसुधारणा. दुसरे मत उघडपणे मांडले जात नाही, पण व्यवहारात तेच अधिक प्रभावी आहे: जो अधिक निधी आणील तो खरा पुढारी. पहिल्या मताची नैतिक उंची मान्य करूनही एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्या खेड्याच्या श्रमावर आणि कच्च्या मालावर शहरे उभी राहिली, ते खेडे सरकारी तिजोरीतून काही मागत असेल तर ती भीक नव्हे, तो त्याचा वाटा होय. खेड्यातला शेतमजूर साबण घेतो, काडेपेटी घेतो, त्या प्रत्येक वस्तूवर तो कर भरतो. तोच पैसा फिरून गावात आला, तर उपकार कोणी कोणावर केले? आणि दुसऱ्या मताचा दोष नेमका येथेच आहे. ते हक्काच्या वाट्याला उपकाराचे रूप देते, आणि मध्ये एक उपकारकर्ता उभा करते.

अनुदान घ्यावे की न घ्यावे, हा वाद म्हणूनच मला निरर्थक वाटतो. अनुदानाविषयी प्रश्न तीनच आहेत: ठरविणार कोण, लाभ कोणाला, आणि पुढे सांभाळणार कोण? या तीन प्रश्नांची उत्तरे सिमेंट ओतण्यापूर्वी गावाने दिली, तर त्या पैशातून गाव उभे राहते. ती दिली नाहीत, तर त्याच पैशातून ठेकेदार उभा राहतो.

जुनेच दुखणे

हे दुखणे आजचे नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले. ग्रामसेवक नेमले गेले, गटविकास अधिकारी आले, जीपगाड्या धावू लागल्या. हेतू उत्तम होता: शेती, आरोग्य, शिक्षण, रस्ते यांचा एकत्रित विचार व्हावा आणि लोकांचा पुढाकार जागा व्हावा. पाचच वर्षांनी, १९५७ साली, बलवंतराय मेहता समितीने या कार्यक्रमाची तपासणी केली, तेव्हा लोकांचा पुढाकार जागविण्यातच तो कमी पडल्याचा निष्कर्ष समितीला काढावा लागला. कार्यक्रम सरकारचा होता आणि लोकांनी त्यात 'सहभागी' व्हावे अशी अपेक्षा होती. निर्णयाचा अधिकार ज्याच्या हाती नाही, त्याचा सहभाग म्हणजे टिकाव घेऊन खड्डा खणणे आणि उद्घाटनाला टाळ्या वाजविणे.

मेहता समितीच्या शिफारशींतून त्रिस्तरीय पंचायत राज्य आले. महाराष्ट्रात १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. या संस्थांनी ग्रामीण महाराष्ट्राला एक नवे नेतृत्व दिले, प्राथमिक शाळांचे जाळे उभे केले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु सत्ता जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन थबकली. गावापर्यंत पोहोचली ती योजनांची यादी. डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंभा राज्याची कल्पना मांडताना गाव आणि जिल्हा यांना प्रांत व केंद्र यांच्या बरोबरीचे खांब मानले होते, आणि सरकारी खर्चाचा चौथा हिस्सा पंचायतींच्या हातून व्हावा अशी मागणी केली होती. पैशाचा हिस्सा आणि निर्णयाचा अधिकार या दोन्ही गोष्टी त्या मागणीत एकत्र होत्या. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली, पंचायतींना घटनेचे अधिष्ठान लाभले, स्त्रियांना आणि मागास जातींना राखीव जागा मिळाल्या. ही मोठीच प्रगती होय. तरी घटनेच्या अकराव्या परिशिष्टातील २९ विषयांपैकी कोणते व किती पंचायतींकडे द्यावयाचे, हे राज्य सरकारांच्या मर्जीवर राहिले. विषय सोपविला तरी त्याबरोबर माणसे व पैसा सोपविण्यास राज्यकर्त्यांचा हात आखडतो, हा अनुभव सर्वत्र आहे.

माणशी किती?

आता थोडा हिशेब करू. आकड्यांचा कंटाळा करून हा विषय समजणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. आकडा डोळे दिपविणारा आहे. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशाची ग्रामीण लोकसंख्या सुमारे ८३ कोटी होती. तिने भागले तर माणशी वर्षाला ५७० रुपये येतात. म्हणजे दिवसाला दीड रुपया.

दीड हजार वस्तीचे एक गाव घ्या. या सरासरीने त्याच्या वाट्याला वर्षाकाठी साडेआठ लाख रुपये येतात. महाराष्ट्रात त्यांपैकी ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समितीला व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी ठरली. गावात आले पावणेसात लाख. यांतील ६० टक्के निधी बंधित: निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. उरले सुमारे पावणेतीन लाख. हा अबंधित निधी गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरावयाचा. पण त्यातून पगार आणि आस्थापना यांवर खर्च करावयाचा नाही.

या शेवटच्या अटीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ग्रंथालयाची खोली बांधता येते, ती उघडून बसणाऱ्या मुलीला मानधन देता येत नाही. वास्तूला पैसा आहे, माणसाला नाही. गैरवापर रोखण्यासाठी ही अट असेल हे मी समजू शकतो. परंतु परिणाम असा होतो की, गावातले प्रत्येक सुधारणेचे काम बांधकामाचे रूप घेऊ लागते. गावाला काय हवे, याऐवजी कशाचे अंदाजपत्रक करता येते, हे महत्त्वाचे ठरते.

बांधलेले चालविण्याचा पैसा गावाने स्वतः उभारावा, अशी अपेक्षा आहे. तो येणार कोठून? घरपट्टी आणि पाणीपट्टी यांतून. ज्या गावात पाणी चार दिवसांनी येते तेथे पाणीपट्टी कोण भरणार, आणि जेथे पाणीपट्टी भरली जात नाही तेथे पाणी रोज कसे येणार? वीजबिल थकते, जोडणी तुटते, पंप गंजतो. मग काही वर्षांनी त्याच विहिरीशेजारी, त्याच वस्तीसाठी, नव्या नावाची योजना मंजूर होते. २००२ साली स्वजलधारा आली, २००३ च्या सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने जलस्वराज्य आले, १५ ऑगस्ट २०१९ रोजी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे आश्वासन देणारे जलजीवन मिशन जाहीर झाले. योजनांची नावे बदलत गेली. जुनी टाकी कोरडी का पडली, हे ग्रामसभेत कोणी विचारले नाही. कारण त्या प्रश्नाला अनुदान नव्हते.

कार्यकर्ता आणि ठेकेदार

वित्त आयोगाचा निधी निदान हक्काचा आहे. तो सूत्राने येतो. याखेरीज दुसरा एक मोठा ओघ आहे, तो मर्जीने येतो. खासदारांच्या स्थानिक विकास निधीची सुरुवात १९९३ साली वर्षाला ५ लाख रुपयांनी झाली. पुढच्याच वर्षी तो १ कोटी झाला, १९९८ पासून २ कोटी, २०११ पासून ५ कोटी. आमदारांचा निधी वेगळाच. शिवाय राज्याच्या अर्थसंकल्पात 'लोकप्रतिनिधींनी सुचविलेली मूलभूत सुविधांची कामे' असे एक लेखाशीर्ष आहे. गावोगाव ते 'पंचवीस-पंधरा' या आकड्यानेच ओळखले जाते. गावचा रस्ता, गटार, सभामंडप यांपैकी काय करावयाचे, हे आमदारांच्या पत्रावर ठरते. ग्रामपंचायतीने २०१५ नंतर 'आमचा गाव आमचा विकास' या नावाने केलेला आराखडा एकीकडे, आणि मुंबईहून आलेली कामांची यादी दुसरीकडे. दोहोंची भेट होतेच असे नाही.

लोकांनी कायदे करण्यासाठी आणि सरकारवर अंकुश ठेवण्यासाठी निवडून दिलेला प्रतिनिधी स्वतःच खर्च करणारा झाला, की अंकुश कोणी ठेवावयाचा? ही घटनात्मक विसंगती झाली. पण आपल्या दृष्टीने तिचा एक परिणाम अधिक गंभीर आहे. मर्जीचा निधी गावात उतरावयाचा तर गावात एक माणूस लागतो. तो पत्र आणतो, अंदाजपत्रक करून घेतो, मोजमाप पुस्तिकेवर सही मिळवितो, आणि काम स्वतः किंवा भावाच्या नावावर घेतो. एके काळी हाच माणूस मोर्चात पुढे होता. दुष्काळात त्याने कामाच्या मागणीचे अर्ज लिहिले होते, रेशनच्या दुकानासमोर धरणे धरले होते. त्याला कोणी विकत घेतले असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे खरे नाही. त्याच्यापाशी उत्पन्नाचे साधन नव्हते, घरात खाणारी माणसे होती, आणि व्यवस्थेने त्याच्यापुढे एकच शिडी ठेवली. या शिडीवर चढणारा मनुष्य पुढे निविदेची टक्केवारी मोजतो आणि ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्याकडे रोखून पाहतो. गेल्या तीस वर्षांत ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांची एक अख्खी पिढी पोलिसांच्या लाठीने नव्हे, पेव्हर ब्लॉकने संपविली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

या पद्धतीने कामे कशी होतात, त्याचा दाखला सरकारच्याच लेखापरीक्षकांनी दिला आहे. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले आणि २०१९ पर्यंत चालले. त्याविषयीचा महालेखापरीक्षकांचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळापुढे आला. ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही गावांची पाण्याची गरज भागविण्यात व भूजलाची पातळी वाढविण्यात अभियानाचा प्रभाव अल्पच पडला, असे अहवालाने नोंदविले. या अभियानात चांगली कामे झालीच नाहीत असे मी म्हणणार नाही. अनेक ठिकाणी लोकांनी मनापासून कष्ट घेतले. पण नाला रुंद आणि खोल करणारे यंत्र भाड्याने आणता येते. अडविलेले पाणी कोणी, किती आणि कोणत्या पिकाला वापरावयाचे याचा नियम भाड्याने आणता येत नाही. ज्याच्या विहिरीपाशी नाला खोल झाला, त्याने ऊस लावला. खर्च सार्वजनिक, पाणी खाजगी.

नायगावचा धडा

नियम आधी आणि सिमेंट नंतर, हा क्रम शक्य आहे काय? महाराष्ट्रात तो शक्य झालेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंते व कारखानदार विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले आणि १९७४ साली नायगाव येथे देवस्थानची ४० एकर पडीक जमीन कराराने घेऊन त्यांनी पाणी अडविण्याचे प्रयोग सुरू केले. त्यातून पुढे पाणी पंचायत उभी राहिली. तिच्या उपसा सिंचन योजनांमध्ये सरकारी अनुदान होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. खर्चाचा निम्मा भार शासनाच्या अनुदानाने उचलावयाचा, २० टक्के रक्कम लाभधारकांनी आधी भरावयाची, आणि उरलेले ३० टक्के ग्राम गौरव प्रतिष्ठानने बिनव्याजी द्यावयाचे, अशी ती रचना होती.

तिचे वेगळेपण होते ते नियमांत. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे: माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला फार तर अडीच एकर भिजेल एवढे. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यावयाचे नाही. योजना लाभधारकांनीच चालवावयाची. समाजवादाचा शब्द न उच्चारता येथे पाण्याचे समाजीकरण झाले होते. ज्यांना हे नियम नको होते, त्यांना योजनाही नव्हती. सर्वच योजना पुढे टिकल्या नाहीत हे खरे. वाटपाचा असा नियम शासनाने स्वतःच्या सिंचन योजनांना लागू केला नाही, हे त्याहून अधिक खरे. अनुदानाचा निम्मा वाटा देणाऱ्या सरकारला पाणी पंचायतीतून शिकावयाचे होते ते हे, आणि तेवढेच ते शिकले नाही.

नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, हिवरे बाजारची कीर्ती सर्वत्र झाली आहे. तेथेही पैसा बाहेरचाच होता. रोजगार हमी आणि आदर्श गाव योजना यांचा. शेजारच्या गावांनाही ती लेखाशीर्षे खुली होती. फरक पडला तो कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी, आणि दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून पिके ठरविण्याची शिस्त यांमुळे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ते स्वतःच्या वाहतूक परवान्याने बांबू विकू लागले. तेथे तर अनुदानाच्याही पुढचे पाऊल पडले: गावाच्या साधनसंपत्तीवर गावाची मालकी, आणि तिच्यातून गावाचे स्वतःचे उत्पन्न. ज्या गावापाशी स्वतःचे उत्पन्न आहे, ते कोणाच्या पत्राची वाट पाहत नाही. राज्याने २०१५ साली आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी पेसा क्षेत्रातील ग्रामसभांच्या कोषात थेट देण्याचा निर्णय घेतला, तो याच दिशेचा होता. तो कागदावर न राहता ग्रामसभांच्या हाती पोहोचतो की नाही, यावर आपल्या आदिवासी भागातील कार्यकर्त्यांनी पाळत ठेवली पाहिजे.

गाव म्हणजे कोण?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. गावाने ठरवावे म्हणजे कोणी ठरवावे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या संकुचितपणावर जो कठोर प्रहार केला, तो भाबड्या ग्रामप्रेमाला दिलेला इशारा होता. गाव एक नाही. गावात विहिरी असलेले आहेत आणि विहिरीवर मजुरीला जाणारे आहेत; वेशीच्या आतले आहेत आणि वेशीबाहेर ठेवलेले आहेत. ग्रामसभेत खुर्चीवर कोण बसतो आणि भिंतीशी कोण उभा राहतो, हे ज्याने पाहिले आहे, तो 'गावाचा निर्णय' हे शब्द सहज उच्चारणार नाही. दलित वस्तीच्या सुधारणेसाठी राखून ठेवलेला निधी वरून आला नसता, तर कित्येक वस्त्यांत आजही रस्ता झाला नसता.

म्हणून विकेंद्रीकरणाची मागणी करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. दुर्बलांचा हिस्सा बाहेरून, कायद्याने बांधलेलाच असावा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचे आहेत; हे बंधन योग्य आहे आणि त्याचा हिशेब दरवर्षी मागितला पाहिजे. पण त्या हिश्श्यातून काय करावयाचे, हे सरपंचांनी किंवा अभियंत्याने न ठरविता त्या वस्तीने आणि त्या स्त्रियांनी ठरवावे. वस्तीला पाण्याची जोडणी हवी असताना तिच्या नावावर समाजमंदिर उभे राहते आणि त्याला कुलूप लागते, हा प्रकार आपण किती दिवस पाहणार?

लोकवर्गणीचाही याच दृष्टीने विचार व्हावा. नळयोजनेच्या खर्चाच्या १० टक्के रक्कम लोकांनी पैशाने किंवा श्रमाने द्यावी, डोंगरी व अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत ५ टक्के द्यावी, असा जलजीवन मिशनचा नियम झाला. तत्त्व मान्य. जो पैसा घालतो तो हिशेब विचारतो, हे खरेच आहे. परंतु प्रत्येक घरामागे सारखी रक्कम ठरविली, की वीस एकर बागायतदार आणि रोजावर जाणारी विधवा यांच्यावर सारखाच भार पडतो. अर्थशास्त्रात अशा कराला प्रतिगामी म्हणतात. गावात त्याला समानता म्हणतात. शिवाय अनेक ठिकाणी ही वर्गणी ठेकेदारच परस्पर भरून टाकतो, हे उघड गुपित आहे. तसे झाले की वर्गणीमागचा सारा विचार संपतो. ठेकेदार गावाला उत्तरदायी राहत नाही, गावच ठेकेदाराचे ऋणी होते. वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्यावी, गरिबाची श्रमाने घ्यावी आणि त्या श्रमाचे मोल बाजारभावाने धरावे, अशी मागणी आपण केली पाहिजे.

हक्क आणि कृपा यांतील भेद महाराष्ट्राला नवा नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना वाढली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. काम मागण्याचा अधिकार मजुराला मिळाला. काम न दिल्यास भत्ता देण्याचे बंधन शासनावर आले. पुढे २००५ साली देशाने तसा कायदा केला. मजुराला जे कायद्याने मागता आले, ते गावाला का मागता येऊ नये? अमुक इतका निधी, अमुक तारखेस, कोणाच्याही शिफारशीवाचून गावाच्या खात्यात जमा झालाच पाहिजे आणि त्याचा विनियोग ग्रामसभेच्या ठरावाखेरीज होता कामा नये, अशी ही मागणी आहे. तिला जोडून दुसरी: लोकप्रतिनिधींच्या मर्जीचे सर्व निधी बंद करून ती रक्कम याच सूत्राने गावांना द्यावी. तिसरी: ज्या वास्तूसाठी अनुदान, तिच्या देखभालीसाठी आणि ती चालविणाऱ्या माणसाच्या वेतनासाठीही अनुदानाचा ठरावीक भाग असावा. चौथी: निवडणुका वेळेवर व्हाव्यात. २०२२ साली मुदत संपल्यावर महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषदा तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती होत्या. निर्वाचित मंडळ नाही तर वित्त आयोगाचा निधी नाही, या अटीमुळे त्याची किंमतही ग्रामीण जनतेनेच मोजली.

तहकूब सभा

या मागण्या मान्य होईपर्यंत थांबावयाचे काय? मुळीच नाही. आहे त्या कायद्यातही पुष्कळ करता येण्याजोगे आहे, आणि ते आपण करीत नाही.

ग्रामसभेसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. २६ जानेवारीला झेंडावंदन झाले की लोक घरी जातात. सभा तहकूब होते. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही. मग आठवड्यानंतर पंधरा-वीस माणसे जमतात, इतिवृत्त वाचून कायम होते, लाखो रुपयांच्या आराखड्याला मंजुरी मिळते, आणि नोंदवहीवर घरोघर फिरून सह्या घेतल्या जातात. लोकशाहीचा येथे कोणी खून करीत नाही. ती हजर नसते एवढेच.

तेव्हा कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे आहे. आपल्या गावातून शंभर माणसे ग्रामसभेला बसवा. त्यांत निम्म्या स्त्रिया आणि वेशीबाहेरच्या वस्तीतली माणसे असू द्या. कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावयाची आहे. ती खरोखर होते की नुसती लिहिली जाते, ते पाहा. तेथे भाषण करू नका. बंधित निधी किती आला, अबंधित किती, मागील वर्षीचा किती शिल्लक, हे विचारा. प्रत्येक कामाला आधी सांगितलेले तीन प्रश्न लावा: हे कोणी ठरविले, लाभ कोणाला, सांभाळणार कोण? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. पहिल्या सभेत हसतील, दुसऱ्या सभेत चिडतील, तिसऱ्या सभेला ग्रामपंचायतीचा अधिकारी दप्तर नीट लावून येईल. काम सुरू झाल्यावर अंदाजपत्रकाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा आणि ती गावच्या पारावर वाचून दाखवा. सिमेंटच्या गोण्या मोजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि एक पथ्य आपण स्वतः पाळावे. पक्षाच्या पदाधिकाऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी ग्रामपंचायतीच्या कामाचा ठेका घेऊ नये. हा ठराव लहान वाटेल, काहींना तो अव्यवहार्यही वाटेल. कार्यकर्त्याने मग पोट कसे भरावे, हा प्रश्न खरा आहे, आणि त्याची व्यवस्था पक्षाने व चळवळीने केली पाहिजे. पण ज्याच्या हाताला गावच्या निधीचे सिमेंट लागले आहे, त्याने ग्रामसभेत हिशेब मागण्यासाठी वर केलेला हात लोक ओळखतात. तो हात कोरडा राहिला, तरच अनुदानाच्या प्रश्नावर आपल्याला काही बोलता येईल.